सोबतच्या चिठ्ठीप्रमाणे

सोमवारी सकाळी अकरा-वीसला धाकटीच्या फोनवर एक मेसेज आला आणि हातातली इस्त्री शर्टावर तशीच राहिली. शर्ट दातांच्या डॉक्टरांचा होता. तो वाचला तो केवळ थोरलीच्या नाकामुळे.

"अगं, जळतंय! काय बघत बसलीस?"

"जाऊबाई, आपण श्रीमंत झालो," धाकटी म्हणाली.

थोरलीने आधी इस्त्री उचलून उभी केली, शर्टाची पाठ उजेडाकडे धरून डाग पडला नाही ना ते पाहिलं आणि मगच फोन हातात घेतला. तिच्या कामांचा क्रम ठरलेला असे. दुकानाला आग लागली असती तरी तिने आधी घड्या आवरल्या असत्या. फोन हातभर लांब धरून तिने मेसेज दोनदा वाचला. लाँड्रीच्या खात्यात सहा लाख अठरा हजार जमा झाले होते. सकाळपर्यंत त्या खात्यात अकरा हजार नऊशे होते आणि त्यातले नऊ हजार विजेच्या बिलाला जायचे होते.

"कोणी पाठवले?"

"ते नाही लिहिलेलं. देवाने पाठवले असतील तर तो कशाला नाव लिहील?"

या दोघी दोन भावांच्या बायका. नवरे गावाच्या दुसऱ्या टोकाला शेडमध्ये कपडे धूत, आणि बायका बाजारातल्या या दहा बाय चौदाच्या दुकानात गिऱ्हाईक, इस्त्री आणि एकमेकींना सांभाळत. बँकेतलं खातं दोघींच्या नावावर होतं आणि पैसे काढायचे तर सह्याही दोघींच्या लागत. ही व्यवस्था सासऱ्यांनी करून ठेवली होती. या दोघींचं कधी कशावर एकमत होत नाही, तेव्हा पैसा सुरक्षित राहील, असा त्यांचा अंदाज. आणि तो अठरा वर्षं तंतोतंत खरा ठरला होता.

धाकटीने तोवर यादी करायला घेतली होती. वाफेची इस्त्री. फिरणारा पंखा. एक खुर्ची, जिचे चारही पाय सारख्या लांबीचे असतील.

"खोड ते," थोरली म्हणाली. "खिशात सापडलेली वस्तू कोणाची असते?"

"गिऱ्हाइकाची," धाकटीने शाळेतल्या मुलीसारखं सुरात म्हटलं. कपड्याच्या खिशात जे काही निघेल, मग ती नोट असो, चावी असो नाहीतर प्रेमपत्र असो, ते पाकिटात घालून कपड्याला टाचायचं, ही थोरलीची शिस्त होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात धाकटीने अशा पाकिटातलं पेन नुसतं लिहायला घेतलं होतं, तर थोरलीने आठवडाभर अबोला धरला होता. "पण जाऊबाई, हे खिशात नाही सापडलं. खात्यात सापडलंय."

"खातं म्हणजे बँकेचा खिसाच. शटर ओढ अर्धं."

बँक रस्त्यापलीकडेच होती. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "रक्कम आली नाही का?"

"आली," थोरली म्हणाली.

"मग कमी आली?"

"जास्त आली."

आता त्याने मान वर केली. खण उघडून त्याने एकेक फॉर्म काढला. रक्कम न मिळाल्याची तक्रार, रक्कम कमी मिळाल्याची तक्रार, न विचारता कापल्याची तक्रार. जास्त मिळाल्याची तक्रार आजवर कोणी केली नव्हती, त्यामुळे तसा फॉर्म छापला नव्हता. तो म्हणाला, "असं करा, कमी मिळाल्याचा भरा आणि 'कमी' खोडून टाका."

खाडाखोड केलेला कागद थोरली स्वतःच्या हाताने कोणाला देणं शक्यच नव्हतं. तिने कोरा कागद मागितला, तो मिळाला नाही, म्हणून दुकानात परत येऊन कागद नेला आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला. अमुक खात्यात तमुक वाजता एवढी रक्कम आली आहे, ती आमची नाही, आम्ही तिला हात लावलेला नाही आणि लावणार नाही, बँकेने ती लेखी पत्र देऊन परत घ्यावी. मग तिने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का असलेला माणूस जेवायला गेला होता. दोघी बाकावर बसून राहिल्या आणि त्या वेळात धाकटीने मनातल्या मनात पंखा, इस्त्री आणि खुर्ची तीन वेळा विकत घेतली.

अर्ज फिरत फिरत तीन नंबरच्या खिडकीपाशी गेला. तिथे चष्मेवाल्या बाई बसत. बाई कामाला वाघीण आणि बोलायला त्याहून वाघीण; नोटा उलटसुलट लावून दिल्या तर भर रांगेत माणसाचा पाणउतारा करत. त्यांनी अर्जावरचा आकडा वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीने ते स्पष्ट पाहिलं आणि घरी येईपर्यंत ती एकही विनोद करू शकली नाही.

मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, चष्मेवाल्या बाई दुकानात आल्या. काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

"पावती?" थोरलीने हात पुढे केला.

"जाऊबाई, त्या कपडे न्यायला नाही आल्या," धाकटी कुजबुजली.

पण बाईंनी सवयीने पर्स उघडून पावती दिलीच. पावतीशिवाय कपडा नाही, हा नियम सगळ्या बाजाराला पाठ होता. थोरलीने एकदा स्वतःच्या नवऱ्याला लग्नाला जायचा सदरा पावतीअभावी दिला नव्हता आणि तो बिचारा भावाचा सदरा घालून गेला होता. या पावत्याही थोरलीच्या काटकसरीला शोभतील अशा होत्या. बँकेने दोन वर्षांपूर्वी पैसे भरायच्या स्लिपा नव्याने छापल्या, तेव्हा जुन्यांचे गठ्ठे शिपायाने रद्दीत काढले. थोरलीने ते फुकट उचलले. कोऱ्या बाजूला ती कपड्यांचा तपशील लिही. आणि छापील बाजूला 'खाते क्रमांक' असे आयते चौकोन होते, त्यात तिने लाँड्रीच्या खात्याचा शिक्का मारून ठेवला होता, म्हणजे गिऱ्हाइकाला फोनवरून पैसे पाठवायला सोपं.

धाकटीने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या आणि मग एका दमात बोलल्या.

"ते पैसे मास्तरांचे. आपले ते रिटायर झालेले मास्तर. त्यांची ठेव संपली, ती त्यांच्या खात्यात टाकायची होती. मी टाकली तुमच्या. कशी टाकली, मला ठाऊक नाही हो! समोरच्या कागदावर होता तोच नंबर मी टाकला, असं मला वाटतंय. पण कागद आता बघता येत नाही. दिवसाचे सगळे व्हाउचर संध्याकाळी शिवून सील करतात. परवा गुरुवारी मोठे साहेब तपासणीला येतायत, तेच काय ते सील तोडतील. आणि आमच्या साहेबांनी माझ्या नावाचा मेमो टाइप करून ठेवलाय."

"मेमोने काय होतं?" थोरलीने विचारलं.

"एक मेमो आधीचा आहे. दुसरा लागला की घरी बसवतात. मी घरी बसले तर चूल कशावर पेटवू? यांचं काम सुटून वर्ष झालं." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि साहेब वर म्हणतात, तुमचे कपडे त्याच लाँड्रीत असतात ना, म्हणजे ओळख आहे ना. म्हणजे मी मुद्दाम टाकले, असं."

थोरलीच्या नाकपुड्या फुलल्या. ओळखीवर शिंतोडा म्हणजे दुकानावर शिंतोडा. "पैसे जसे आले तसे पडून आहेत. परत घ्या म्हणून मी लिहून दिलंय. मग त्यात लबाडी कुठे आली?"

"पैसे परत जातीलच हो. पण चूक कोणाची, ते लिहावं लागतं. तिथे माझं नाव जाणार."

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. ताई, उगाच अर्जबिर्ज कशाला, मास्तरांच्या नावाने एक चेक फाडून द्या, विषय संपला. थोरली म्हणाली, "बँकेने लेखी मागावं, बँकेला परत देईन. फोनवर मागणाऱ्याला मी हातरुमालही देत नाही." आणि तिने फोन ठेवला. धाकटीला त्या क्षणी आपल्या जावेचा फार अभिमान वाटला, पण तसं बोलून दाखवायची दोघींत पद्धत नव्हती.

धाकटी माणसांना कपड्यांवरून ओळखे. मॅनेजरला ती कोटसाहेब म्हणे. त्यांच्याकडे एकच चांगला कोट होता, राखाडी रंगाचा, आणि ते तो उन्हाळ्यातही उतरवत नसत. मोठे साहेब येणार म्हणून सोमवारी बँक उघडायच्या आधी त्यांनी तो ड्राय क्लीनला टाकला होता. बुधवारी संध्याकाळी सहाला ते तो न्यायला आले, आणि अंगात नुसता शर्ट असल्यामुळे क्षणभर कोणी वसुलीवालाच आलाय असं वाटलं.

"कोट," ते म्हणाले आणि खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी काउंटरवर टाकली.

थोरलीने चिठ्ठी वाचली, उलटी करून वाचली आणि परत सरकवली. "ही आमची नाही."

कोटसाहेबांनी सगळे खिसे उलटे केले. एक कंगवा निघाला, दोन टाचण्या निघाल्या, एक अर्धवट खाल्लेली खोकल्याची गोळी निघाली. पावती निघाली नाही.

"हरवली असेल. तो बघा, समोर टांगलाय माझा कोट. द्या काढून."

"पावतीशिवाय कपडा नाही."

"अहो, मी समोरच्या बँकेचा मॅनेजर! रोज बघता तुम्ही मला."

"बघतो ना," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "पण कोटात बघतो. बिनकोटाचं कधी पाहिलं नाही, मग ओळखणार कसं?"

कोटसाहेब लाल झाले. धाकटीला आता रंग चढला. अडीच तास बाकावर बसून राहिल्याचा वचपा काढायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पावती हरवल्यास अर्ज करावा लागतो, असं तिने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. असा काही नियम लाँड्रीत नव्हता. तो तिने त्याच मिनिटाला केला. अर्जाचा फॉर्म आहे का? फॉर्म फक्त कपडा न मिळाल्याचा आहे, पावती न मिळाल्याचा छापलेला नाही, तेव्हा कोऱ्या कागदावर लिहा. कोरा कागद? तो गिऱ्हाइकाने आणायचा असतो. दोन प्रती लागतील, आणि प्रतीवर शिक्का हवा असेल तर शिक्का मारणारे माझे यजमान शेडवर आहेत, ते नऊला येतील.

"उद्या दहाला मोठे साहेब येतायत!" कोटसाहेबांचा आवाज चिरकला. "मी त्यांच्यासमोर असा जाऊ?"

"बसा साहेब," धाकटी म्हणाली आणि तिने त्यांना ती लंगडी खुर्ची दिली. ते बसले तसे एकदम डावीकडे कलले. "शांतपणे आठवा. सोमवारी पावती घेऊन गेलात. पुढे काय केलंत?"

"काय करणार? टेबलावर बसलो. मास्तरांचं व्हाउचर लिहिलं. चिठ्ठी टाचली, बाईंकडे दिलं."

"कसली चिठ्ठी?"

"खात्याच्या नंबरची. एवढे मोठे आकडे, रकाना एवढासा. मी चिठ्ठीवर नंबर लिहितो आणि व्हाउचरवर 'सोबतच्या चिठ्ठीप्रमाणे' असं टाकतो. आमच्या शाखेत चालतं तसं."

धाकटीने काउंटरवरची चिठ्ठी उचलली. तिच्यावर एक लांबलचक आकडा होता आणि खाली लिहिलं होतं, 'मास्तर, मुदत ठेव'. तिने ती कोटसाहेबांच्या नाकासमोर धरली.

"ती चिठ्ठी तर ही आहे. तुमच्या खिशात. मग व्हाउचरला काय टाचलंत?"

कोटसाहेब चिठ्ठीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला आणि तो पुसायला त्यांना बाही सापडेना, कारण त्यांना कोटाच्या बाहीची सवय होती.

धाकटी मनात ओरडली. पकडला, पकडला! ती टाळीसाठी थोरलीकडे वळली आणि तिचा हात तसाच राहिला. थोरली पावत्यांचा गठ्ठा हातात घेऊन उभी होती. ती एक पावती उलटी करून बघत होती. बँकेचीच स्लिप. वर बँकेचंच नाव. खाली 'खाते क्रमांक', आणि चौकोनांत, ठसठशीत शिक्क्यात, लाँड्रीचा नंबर. ही छापील बाजू वर करून टाचली असेल, तर जगातल्या कुठल्याही चष्म्याला ती बँकेचाच कागद वाटली असती.

थोरली कधी चुकत नसे. गिऱ्हाइकाचं बटण तुटलं तर बटण कच्चं होतं, रंग गेला तर रंग बेइमान होता; 'चुकलं' हा शब्द त्या तोंडातून कधी निघाला नव्हता. त्यासाठी धाकटीने अठरा वर्षं वाट पाहिली होती. आणि आता तो चेहरा समोर उतरलेला बघून तिला मुळीच मजा येईना.

"साहेब," थोरली शेवटी म्हणाली, "त्या बाईंचा मेमो फाडून टाका."

कोटसाहेब उठले. ते वाईट माणूस नव्हते. ते घाबरट होते आणि त्यांनाही वरती कोणीतरी होतं. "बंडल सील आहे. साहेबांनी उघडलंच नाही तर... म्हणजे, बघू. बघू उद्या." आणि ते तसेच, कोट न घेता, पाठ वाकवून रस्ता ओलांडून गेले.

"हा गप्प बसणार," धाकटी म्हणाली.

थोरलीने मास्तरांची चिठ्ठी पाकिटात घातली, पाकिटावर 'काउंटरवर सापडली' असं लिहिलं आणि ते कोटाला टाचलं.

गुरुवारी दहाला दोघी बँकेत शिरल्या तेव्हा धाकटीच्या हातात हँगरवर तो कोट होता. मोठे साहेब म्हणजे कोणी धिप्पाड माणूस असेल असं तिला वाटलं होतं. निघाले एक बारीकसे म्हातारे गृहस्थ, कोपरावर रफू केलेला स्वेटर घातलेले. रफू घरचं होतं आणि नीट होतं. धाकटीचं त्यांच्याबद्दल लगेच चांगलं मत झालं. ते मॅनेजरच्या काचेच्या खोलीत बसून एक कागद वाचत होते. समोर चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या, हात पुढे बांधून. कोटसाहेब बाजूला उभे होते, बिनकोटाचे, आणि छताकडे बघत होते. म्हणजे बोलले नव्हते.

शिपायाने अडवायच्या आत थोरली आत गेली होती.

"ते वाचू नका साहेब," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. थोरलीचा आवाज मुळात मोठा, आणि लाजेने तो आणखी मोठा झाला होता. बाहेरच्या रांगेतले लोकही काचेशी आले. तिने पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. रद्दीतल्या स्लिपा फुकट मिळाल्या म्हणून घेतल्या. चौकोन आयते मिळाले म्हणून शिक्का मारला. "दोन पैसे वाचवायला गेले आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय आला. चुकलं माझं. या बाईंनी समोर ठेवलेला नंबर टाकला, दुसरं काही केलं नाही. तुम्ही ते बंडल फोडून बघा."

घरी हे सांगितलं तर दोघे भाऊ विश्वास ठेवणार नव्हते, आणि धाकटीने तिथल्या तिथे ठरवलं की सांगायचंच नाही.

मोठ्या साहेबांनी बंडल मागवलं. सील तोडलं, दोरा उसवला, मास्तरांचं व्हाउचर काढलं. रकान्यात लिहिलं होतं, 'सोबतच्या चिठ्ठीप्रमाणे'. त्यांनी टाचणी काढून सोबतची चिठ्ठी उलटी केली आणि मोठ्याने वाचलं, "एक कोट. राखाडी. ड्राय. बुधवार."

बाहेर कोणीतरी खुदकन हसलं.

"हा कोट कोणाचा?"

धाकटीने हँगर थोडा वर धरला आणि कोटाच्या खांद्यावरचा नसलेला धुळीचा कण बोटाने झटकला. कोटसाहेबांनी छताकडे पाहिलं, तिथे काही सापडलं नाही. मग त्यांनी चष्मेवाल्या बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या, खाली फरशीकडे बघत होत्या, आणि बहुधा तेच त्यांना सोसलं नाही.

"माझा," ते म्हणाले. "चिठ्ठी मीच टाचली. माझीच चूक आहे साहेब. मला काल कळलं होतं."

झालं! धाकटीने श्वास सोडला. आणि तेवढ्यात चष्मेवाल्या बाईंनी तोंड उघडलं.

"नाव बघायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या. "पडद्यावर नाव येतं. रांग होती, साहेब डोक्यावर उभे होते, मी नाही बघितलं. तेवढी चूक माझी आहे साहेब."

धाकटीला त्या बाईंच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. अशी प्रामाणिक माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात आणि वर धोंड्याचं वजनही सांगतात. मोठ्या साहेबांनी एक फॉर्म पुढे ओढला.

"नियम असा आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "की ज्या ज्या व्यक्तीची चूक आहे तिचं तिचं नाव या रकान्यात मला लिहावं लागतं. या बाई स्वतः सांगतायत. मी ऐकलं नाही, असं म्हणू शकत नाही. हे नाव इथे आलं की पुढचं माझ्या हातात राहत नाही."

बाईंनी मान हलवली. थोरलीने टेबलाची कड घट्ट धरली. धाकटीने मान लांब करून रकाना पाहिला. शाळेच्या वहीवर नावाची पट्टी असते, तेवढा होता तो. जेमतेम तीन ओळी.

"सुरुवात माझ्यापासून," थोरली म्हणाली.

"नाव?"

"थांबा, मी सांगते," धाकटी पुढे झाली. "साहेब, धंद्याचं नाव कागदोपत्री आहे तसं पूर्ण लिहावं लागेल, नाही का? नंतर भानगड नको." आणि तिने सांगायला सुरुवात केली. आधी लाँड्रीचं नाव, मग 'धुलाई, रंगाई, रफू व इस्त्री केंद्र', मग संस्थापक म्हणून सासऱ्यांचं संपूर्ण नाव, त्यांच्या वडिलांसकट. मग 'यांचे वारस यांच्या वतीने भागीदार क्रमांक एक', मग थोरलीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि कंसात माहेरचं आडनाव.

"माहेरचंही?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा अगदी कोरा होता.

"खात्यावर तसंच आहे. आणि भागीदार क्रमांक दोन मी. माझ्याही सहीशिवाय खातं चालत नाही."

दोन ओळी भरल्या. साहेब शांतपणे, गोल गोल, टपोऱ्या अक्षरात लिहीत होते. कुठे घाई नाही, कुठे अक्षर बारीक करणं नाही.

"आता तुमचं," ते कोटसाहेबांना म्हणाले.

कोटसाहेबांनी फॉर्मकडे पाहिलं. मग धाकटीकडे. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यांच्या डोळ्यांत एक खट्याळ चमक आली.

"साहेब, नावाआधी पदवी लिहा," ते म्हणाले. "दोन आहेत. दुसरीला विशेष प्रावीण्य होतं, तेही लिहा. नंतर हुद्दा. शाखेचं नाव पूर्ण. आणि कर्मचारी क्रमांक, तो बारा आकडी आहे."

साहेबांनी सगळं लिहिलं. शेवटचा आकडा रकान्याच्या उजव्या रेघेला टेकला. त्यांनी फॉर्म हातभर लांब धरून पाहिला.

"जागा संपली," ते म्हणाले. "पुरवणी जोडायची तर मुख्य कार्यालयाची लेखी परवानगी लागते. तिला तीन महिने लागतात, आणि मी दोन महिन्यांनी निवृत्त होतोय." त्यांनी मेमोची घडी केली, घडीची घडी केली, आणि ती टेबलाखालच्या टोपलीत टाकली. "बाई, जा. मास्तरांचे पैसे मास्तरांना द्या."

रक्कम परत घेत असल्याचं पत्र बँकेने लिहून दिलं, त्यावर शिक्का मारला, आणि दोघी जावांनी सह्या केल्या. चष्मेवाल्या बाई तीन नंबरच्या खिडकीत जाऊन बसल्या. त्यांनी मास्तरांच्या चिठ्ठीवरचा नंबर एकेक आकडा करून टाकला. पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. बटण दाबलं. आणि मग चष्मा काढून बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागल्या.

रांग पार दारापर्यंत गेली होती. कोणीही लवकर करा म्हणालं नाही.